चैत्र-वैशाखात पुण्यात बागकाम शिकायला, रोपं घ्यायला, बागा बघायला कुठे जावं?

पश्चिम_गॅलरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरी पश्चिमेची, म्हणजे दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन थेट आत. एप्रिलमध्ये आई वाईहून दोन महिने राहायला येतेय. तिकडे तिचा अर्धा दिवस परसात जातो. इथे आली की दुसऱ्या दिवसापासून "तुमच्या पुण्यात माणसानं दिवसभर करायचं तरी काय" सुरू. म्हणून यंदा तिलाही गुंतवायचं आणि गॅलरीही मार्गी लावायची असं ठरवलंय.

शनिवार-रविवारी होणारा, मराठीतून शिकवणारा एखादा बागकामाचा वर्ग कुणी सांगेल का? रोपं कुठून घ्यावीत? आणि आईला घेऊन सकाळी जाता येतील अशा एक-दोन बागा सुचवा. तिचे गुडघे दुखतात, तेव्हा सावली आणि बसायला बाक हवाच. मला मोगरा लावायचाय, आईचा हट्ट अनंताचा आहे.

भल्या_पहाटे

सोलापूर रस्ता धरा. हडपसर सोडलं की मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन, सगळीकडे नर्सऱ्याच नर्सऱ्या. सातला निघा, दहाच्या आत परत. सुट्टे पैसे ठेवा, घासाघीस करा. शहरात जे रोप घ्याल ते तिथे निम्म्यात मिळतं. बाकी वर्गबिर्ग मला माहीत नाही, यूट्यूब आहे की.

सहकारनगरची_काकू

पश्चिम गॅलरी, आधी मुद्द्याचं सांगते. एप्रिल-मेमध्ये रोपं घेऊ नकोस. वर्ग कर, बागा बघ, नर्सऱ्यासुद्धा हिंड, पण पाकीट घरी ठेवून. खरेदी मृग लागल्यावर, म्हणजे ७-८ जूननंतर. हे मी दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगते. दरवर्षी ती माणसं पाडव्याला डिकी भरून रोपं आणतात आणि मेअखेरीला "रिकाम्या कुंड्या कुणाला हव्यात का" म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात.

कारण समजून घे. नर्सरीत रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. वरून दोनदा पाण्याचा फवारा, आजूबाजूला हजारभर रोपं, त्यामुळे हवेत ओल. त्या सावलीत फुटलेलं पान कोवळं असतं. ते उचलून तू ३८ अंशांत, दिवसभर तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवणार. आठवड्यात पानांच्या कडा करपतात. मग "पाणी कमी पडलं" म्हणून माणूस दुपारी तीनला तांब्या घेऊन उभा! दुपारी पानं माना टाकतात ती दरवेळी तहानेने नव्हे. मातीत ओल असते, पण पानातून पाणी जितक्या झपाट्याने उडतं तितकं मुळं वर ओढू शकत नाहीत. ऊन उतरल्यावर सातच्या सुमाराला बघायचं. पानं आपोआप उभी राहिली तर पाणी घालायचं नाही. नाही राहिली तर मातीत दोन पेरं बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात कुंड्या पाण्याविना जातात त्याहून जास्त पाण्याने जातात. मुळं कुजतात आणि वरून रोप तहानलेलंच दिसतं.

आता वर्ग. नावं सांगून उपयोग नाही, खासगी वर्ग दरवर्षी बदलतात. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करून ये. तिथे अळिंबीचं (मशरूमचं) प्रशिक्षण होतं, आणि वनस्पती रोगशास्त्र विभागात ट्रायकोडर्मा, अ‍ॅझोटोबॅक्टर वगैरे (मातीत मिसळायच्या उपकारक बुरशी आणि जिवाणू) खात्रीचं मिळतं, बाजारातल्या चकचकीत पाकिटापेक्षा बरंच स्वस्त. तळेगावच्या प्रशिक्षण केंद्राचं नाव कुणी ना कुणी सुचवेलच, पण तिथलं प्रशिक्षण पॉलिहाउसवाल्या शेतकऱ्यांसाठी असतं, तुझ्या सहा कुंड्यांसाठी नाही.

घरगुती वर्गाला फोन करशील तेव्हा एवढं विचार: वर्ग हॉलमध्ये आहे की शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या गच्चीवर? हॉल म्हणाले तर माझ्या मते सोडून दे. मी अशा एका वर्गाला गेले होते. चहा-बिस्किटं, पडद्यावर परदेशातल्या बागांचे फोटो आणि शेवटच्या अर्ध्या तासात "आजच घेतलं तर सवलतीत" म्हणून कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा आणि औषधाच्या बाटल्या. हाताला माती म्हणून लागली नाही. उलट कुणाची गच्ची एप्रिलमध्ये बघायला मिळत असेल तर पैसे देऊन जा. जानेवारीत कुणाचीही बाग छान दिसते, तेव्हा पुण्याची हवाच बागेची असते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ज्याच्या गच्चीवर दुधी चढतोय, आळू तरारलंय, त्याला पाणी, सावली आणि माती तिन्ही कळलेत. त्याने जाळी कुठे बांधलीय, कुंड्या जमिनीला चिकटून आहेत की विटांवर, मातीवर काय पसरलंय, हे नुसतं बघून आलीस तरी फी वसूल.

आणि आईला काम हवंय ना? खत करायला बसव. चैत्रात पानगळ झालेली असते, सोसायटीतला माळी पोती भरभरून पालापाचोळा बाहेर काढतो आणि कोपऱ्यावर कुणीतरी तो पेटवतो. तो मागून घे. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा गट आहे, ज्यांच्याकडे वाळकी पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत त्यांची गाठ घालून देतो. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये दोन वाट्या वाळकी पानं, एक वाटी स्वयंपाकघरातला ओला कचरा, मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक विरजणाला. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. वास आला तर पानं वाढव. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नकोस, त्या काळ्या सैनिक माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय), काम झटपट उरकतात आणि रोपांना काही करत नाहीत. उन्हाच्या उष्णतेने जूनपर्यंत खत हाताशी येतं, बरोबर लावणीच्या वेळेला. रोप आधी आणि माती मागून असं करण्यापेक्षा हे बरं की नाही? वाईची बाई आहे, तिला यातलं निम्मं माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

बागांचं म्हणशील तर एम्प्रेस गार्डन. रेसकोर्सच्या बाजूला, सावली इतकी दाट की उन्हाळा आहे हे विसरायला होतं. जुनी प्रचंड झाडं, मांडीएवढ्या जाड वेली, बाक भरपूर. लोक तिथे जातात जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला, गर्दीत ढकलत. खरं बघायचं तर एप्रिलमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी. दुसरी सिंहगड रस्त्याची पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली. हिरवळ, पाणी, वळणाच्या वाटा, पण मोठी सावली कमी, म्हणून सकाळी लवकर. आणि लक्षात ठेव, महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात. अकराला पोचलीस तर फाटकाला हात लावून परत यावं लागेल.

फुकटातली सहल हवी असेल तर प्रभात रस्त्याच्या गल्ल्या आणि विद्यापीठाचा परिसर. एप्रिलात नीलमोहर संपत आलेला, सोनमोहर भरात, बहावा सुरू होतोय आणि ताम्हण नुकतं जांभळं व्हायला लागलेलं. ते आपलं राज्यफूल, पण दहातल्या नऊ जणांना दाखवावं लागतं. वावळाच्या पिवळट चकत्या वाऱ्यावर घरात येतील तेव्हा झाडून टाकू नकोस, आईला विचार, लहानपणी आतलं बी सोलून खाल्लं असेल तिने.

पश्चिम_गॅलरी

काकू, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. वावळाचं ऐकून हसली आणि "बाई जाणती दिसतेय" म्हणाली.

पण जूनपर्यंत थांबायचं म्हटलं तर आई परत वाईला गेलेली असेल! निदान मोगरा आणि अनंत तरी आत्ता नाही का चालणार? आणि गॅलरीची भिंत संध्याकाळी आठलाही गरम लागते, त्याचं काय करू?

रोपवाला_उरुळी

मी या धंद्यातलाच आहे म्हणून बोलतो. काकूंचं बरोबर आहे, पण अर्धं. उन्हाळ्यात आमच्याकडे गिऱ्हाईक कमी, त्यामुळे बोलायला वेळ असतो. काय विचारायचं ते आत्ता येऊन विचारा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की लँडस्केपवाल्यांचे टेंपो रांगेत उभे असतात, फार्महाउसवाले दोनशे-दोनशे रोपं उचलतात, तेव्हा दोन कुंड्यांच्या गिऱ्हाइकाला "तिकडं बघा ताई" एवढंच उत्तर मिळतं. खोटं कशाला बोलू.

आता घेताना काय बघायचं ते. पहिलं विचारा, रोप इथलं आहे की कडियमचं. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, सगळा भाग नर्सऱ्यांचा, तिथून आमच्याकडे ट्रक येतात. शोभेची रोपं बरीचशी तिकडची. माल वाईट नसतो, पण तिकडच्या दमट हवेतून येतो. कालच उतरलेलं रोप नेऊ नका, पंधरा दिवस इथे उभं राहिलेलं न्या. चांगला नर्सरीवाला खरं सांगतो.

दुसरं, पिशवी उचलून खालून बघा. चार मुळ्या बाहेर डोकावल्या तर ठीक. मुळ्यांचं जाळंच झालं असेल, पिशवी दगडासारखी कडक लागली, तर ते रोप वर्ष-दोन वर्षं पडून आहे. "एवढ्या पैशात एवढं मोठं झाड" म्हणून लोक तेच उचलतात. पान उलटं करून बघा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, लाल ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे, उन्हाळ्यात तो फार. खोडाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. असं एक रोप घरी गेलं की शेजारच्या जास्वंदीवर चढलंच समजा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. आमची रोपं लाल मातीत असतात. तुम्ही घरी कोकोपीट आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात लावता. वरून पाणी घातलं की ते भुसभुशीत भागातून सरळ खाली निघून जातं आणि मधला लाल मातीचा गड्डा ठणठणीत कोरडा राहतो. ताटलीत पाणी आलेलं बघून तुम्हाला वाटतं पोट भरलं. म्हणून लावायच्या आधी पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग पिशवी कापून गड्डा बाहेरून बोटांनी हलका मोकळा करा आणि संध्याकाळी लावा. आणल्या दिवशी लावू नका, आठ-दहा दिवस घरात उजेडात पण सावलीत ठेवा.

दुचाकीवर पुढे पायाशी ठेवून न्यायचं असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळा. वाऱ्याने पानं वाळून जातात आणि बदनामी आमची होते.

फळझाडाचं कलम घेणार असाल तर थांबाच. कलम पावसाळ्यात.

कोकणातला_कलमी

कलमाचा विषय निघालाच आहे तर भर घालतो. आंबा, काजू, कोकम घ्यायचं असेल तर सरकारी किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या, जातीची खात्री मिळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची केंद्रं आहेत. पुण्यात गणेशखिंडीला राहुरी विद्यापीठाचं विभागीय फळ संशोधन केंद्र आहे, कलमं पावसाळ्यात मिळतात, आधी चौकशी करा. गावाकडे जागा असेल आणि हापूसच्या साक्याला (गरात होणाऱ्या पांढऱ्या, स्पंजासारख्या भागाला) कंटाळला असाल तर 'रत्ना' बघा. नीलम आणि हापूसचा संकर, दापोली विद्यापीठाने १९८१ साली दिलेला. साका होत नाही, बऱ्यापैकी दरवर्षी धरतो. चव? हापूसची सर नाही, पण बऱ्यापैकी. देवगडवाल्यांना सांगू नका मी असं "बऱ्यापैकी" म्हणालो ते.

कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे आणि सांध्याखालून फुटलेला कोंब लगेच खुडायचा. तो खालच्या रायवळ खुंटाचा असतो. जोमात वाढतो, माणूस खूश होतो आणि वरचं कलम मरून जातं.

चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत आंबा लावू नका, कुणी कितीही "ड्रममधला आंबा" विकला तरी.

परळकर

पुण्याचं पुण्याला लखलाभ, पण आईंना एक दिवस मुंबईत आणता आलं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जरूर आणा. लोक पेंग्विन बघून परत जातात, झाडं कुणी बघत नाही. बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. गोरखचिंच आहे, सीताअशोक आहे, कैलासपती आहे, ज्याची फुलं थेट बुंध्यावर येतात. आणि ब्रह्मदेशातली उर्वशी. तिच्या फुलांचे लाल-पिवळे घोस झुंबरासारखे लोंबतात. मार्च उलटायच्या आत यायला हवं, एप्रिलमध्ये नशिबाचा भाग. मधूनमधून वृक्षप्रेमी मंडळी सकाळी झाडं दाखवत फेरी काढतात, ती गाठता आली तर उत्तमच. बाकांची, सावलीची चिंता नाही. बुधवारी बंद असते. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या अंगणात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. घामाची तयारी मात्र ठेवा, आमच्याकडे ३३ अंशांतच तुमच्या ३८ची मजा येते.

सहकारनगरची_काकू

रोपवाले दादा, लाल मातीच्या गड्ड्याचं लाखातलं सांगितलंत. हे मीच आधी सांगायला हवं होतं, तुम्ही माझं काम वाचवलंत.

पश्चिम गॅलरी, मोगऱ्यापुरती माघार घेते. मोगरा आत्ता घे. त्याला भरपूर ऊन लागतंच, आणि पश्चिमेची गॅलरी त्याला मानवते. शिवाय आत्ता फुलावर असतो, म्हणजे पारख करता येते. जूनमध्ये सगळ्या मोगऱ्यांची पानं सारखीच दिसतात. बटमोगरा, हजारी, मदनबाण, तिन्हींचं फूल बघ, वास घे, हवा तो उचल. गोल गच्च फूल हवं तर बटमोगरा, लांबट टोकदार कळी हवी तर मदनबाण. एक बहर संपला की शेंडे दोन-दोन पानं ठेवून खुड, नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतात. मोठी छाटणी आता पुढच्या जानेवारीअखेर. तेव्हा पाणी थोडं तोडायचं, पानं काढून टाकायची, मग खत-पाणी सुरू करायचं. ते जमलं की चैत्रात गजऱ्याला कुणाकडे जायला नको.

भिंतीचं म्हणतेस ते अगदी खरं. कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे घे आणि दोन विटांवर उचलून ठेव, खालून वारा खेळू दे. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या-कुंड्या पश्चिमेला नकोतच, आतलं मूळ शिजतं. मातीची कुंडी घे. पाणी जास्त पिते, पण गार राहते. ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी कठड्याच्या बाहेरून बांध, वर एक वीत मोकळी सोड म्हणजे गरम हवा निघून जाईल. मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं थर. पाणी सकाळी सहा-साडेसहाला. आमच्याकडे मेमध्ये एक दिवसाआड पाणी येतं आणि टँकर सुरू होतात, तुमच्याकडेही वेगळं नसेल. म्हणून भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी एका बादलीत साठवत जा. आरओच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते मात्र कुंड्यांना घालू नकोस. त्यात क्षार एकवटलेले असतात, महिन्याभरात मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. त्याने फरशी पूस.

अनंत. आईंना सांग, पश्चिमेच्या गॅलरीत नाही. त्याला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली लागते, माती थोडी आंबट. कडक उन्हात कळ्या न उमलताच गळतात. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं दिसलं की लोह कमी पडतंय समजायचं. वाईला नदीकाठच्या मातीत येतो म्हणून कोथरूडला येईलच असं नाही.

पश्चिम_गॅलरी

आईला सगळं सांगितलं. मोगरा ठरला, खताचा ड्रम ठरला, पहिल्या गुरुवारी एम्प्रेस गार्डन ठरलं. अनंताचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी आमच्या झाडाची फांदी केव्हाच लावून ठेवलीय, चांगली पाच पानं आलीत. एसटीत मांडीवर घेऊन येते." आता काय बोलणार? स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, जेमतेम एक कुंडी मावेल.

सहकारनगरची_काकू

मग प्रश्नच मिटला, येऊ दे. कुंडी आठ इंची पुरे. वाईहून येताना बरोबर तिथलीच दोन ओंजळी माती पिशवीतून आणायला सांग. आणि एसटीत खिडकीशी बसायचं नाही म्हणावं, वारा लागतो.